आत्मा नसलेल्या गाडीचे नाव

नऊ एप्रिल रोजी प्रसिद्ध झालेल्या एका मोटार-मासिकाच्या अंकात, पान सेहेचाळीसवर, चौकटीत आणि ठळक अक्षरांत पुढील वाक्य छापले गेले : "गाडी सर्वगुणसंपन्न आहे; आत्मा तेवढा नाही." वाक्याखाली ज्या ज्येष्ठ चाचणीचालकाचा हवाला दिला होता, त्याने ते उच्चारले होते हे नाकारता येत नाही. मात्र त्याच चालकाने पुढे पाठविलेला खुलासा मासिकाने छापला नाही. "वाचकांना खुलाशात रस नसतो," असे त्याला फोनवर सांगण्यात आले. वाचकांना आत्म्यात रस असतो आणि खुलाशात नसतो, हा शोध कोणी लावला, ते विचारण्याआधीच फोन ठेवला गेला. म्हणून ही तक्रार येथे नोंदवून ठेवली आहे, आणि तिच्यामागची हकीकतही.

त्या चालकाला चाचणीमार्गावर सारे हरकतराव म्हणत. रीतसर पदवी घेतलेला अभियंता, वय पन्नाशीच्या आगेमागे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जिभेच्या शेंड्यावर कायम एक वाक्य तयार : "माझी एक हरकत आहे." उपाहारगृहातल्या चहाच्या यंत्रावर त्यांची हरकत होती, शेडच्या कुरकुरणाऱ्या दारावर होती, आणि दारात तेल घालून त्याला गप्प केल्यावर, न विचारता तेल घातले यावरही होती. पण याच स्वभावावर त्यांचे पोट चालत होते. विक्रीला निघण्याआधी वेगवान गाड्या बंदिस्त मार्गावर पळवायच्या आणि त्यांच्यात काय खुपते ते सांगायचे, हेच त्यांचे काम. "लहानपणी फुकट करायचास," त्यांची मोठी बहीण म्हणे, "आता त्याचा पगार घेतोस. नशीब काढलंस बाबा."

ते नशीब खरे तर ताईच्या घरूनच आले होते. शिकायला म्हणून हरकतराव तिच्याकडे राहिले, तेव्हा तिने दोन खोल्यांतली एक त्यांना मोकळी करून दिली आणि स्वतःचा संसार दुसरीत आटोपता घेतला. भावोजी त्याच चाचणीमार्गावर मुख्य चालक होते. त्यांनी मेहुण्याला शेजारी बसवून गाडी हाताला कशी बोलते ते शिकवले. जगातल्या झाडून साऱ्या गोष्टींविषयी कुरबुर करणाऱ्या या गृहस्थाने त्या दोघांविषयी कधी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या दृष्टीने ती मोठीच सवलत होती.

त्या मार्गावर एक रीत होती. गाडीची सारी मोजमापे आटोपली की शेवटी 'नावाची फेरी' निघे. चालकाने शेजारी घरचे माणूस बसवायचे, एक फेरी मारायची आणि परत येऊन गाडीला तिच्या स्वभावावरून टोपणनाव द्यायचे. ते नाव शेडच्या भिंतीवर रंगाने लिहिले जाई. ध्यानीमनी नसताना झटका देणारी एक 'विंचू' होती. तापल्याशिवाय ढिम्म न हालणारी 'आळसोबा' होती. प्रत्येक वळणावर कुरकुर करून शेवटी नीट वळणारी 'सासूबाई' होती. कंपनीच्या लेखी या नावांना काडीची किंमत नव्हती. शेडमधल्या माणसांना मात्र भिंतीवर नाव लागल्याशिवाय गाडी पुरी झाली असे वाटत नसे.

सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिले होते 'राणीसाहेब'. फर्मान सुटावे तसा त्या गाडीचा आवाज. मार्गाच्या टोकाला मुद्दाम पाणी सोडून भिजवलेले एक वळण होते. सारे त्याला 'ओलं वळण' म्हणत. तिथे राणीसाहेबांचा मागचा भाग हमखास बाहेर फेकला जाई. तो फेकला जाण्याच्या किंचित आधी स्टिअरिंग उलटे फिरवून तिला सावरायचे, यात चालकाचे सारे कसब. भावोजी ते असे करीत की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे. एका सकाळी तो 'किंचित' चुकला आणि गाडी कठड्यावर गेली. भावोजी वाचले, उजवा पाय मात्र गुडघ्यात आखडला तो कायमचा. तरी त्यांच्या मनात तिच्याविषयी अढी नव्हती. "पाय घेतला खरा," ते पाहुण्यांना सांगत, "पण काय ऐटीत घेतला!" हे वाक्य सुरू झाले की ताईला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघे.

ताईचे घर दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. भावोजी काठी टेकत पुढे चढत आणि ताई एक पायरी मागे. तिचा हात त्यांच्या कोपराजवळ, बोटभर अंतरावर असे, पण टेकलेला कधीच नसे. पाऊल अडखळले की हात क्षणभर कोपराला लागे आणि लगेच मागे जाई. "पडलो नाही गं, पडलो नाही," भावोजी पुटपुटत. "मी कुठं काय म्हटलं?" ताई म्हणे. वर पोचल्यावर भावोजी असे काही उभे राहत की जणू एकटेच चढून आले.

या दोघांच्या मागून दप्तर सांभाळीत जिना चढलेली त्यांची मुलगी पुढे अभियंता झाली आणि त्याच कंपनीत आली. गाडी घसरू लागली की एखाद्याच चाकाला हलका ब्रेक लावायचा, इंजिनाचा जोर उतरवायचा आणि तिला रस्त्यावर ठेवायचे, ही यंत्रणा घडवणे हे तिचे काम. गाडी चालवायला तिला मामानेच शिकवले होते. साऱ्या शेडदेखत ती "ए मामा" अशी हाक मारी, आणि शिस्तीचे भोक्ते हरकतराव त्यावर हरकत घेत नसत.

भाचीने प्रथमच स्वतःच्या जबाबदारीवर घडवलेली गाडी मार्गावर उतरली, तेव्हा तिने जुने सारे उच्चांक मोडीत काढले. हरकतराव फेऱ्या मारून खाली उतरले ते एरंडेल प्यायल्यासारखे तोंड करून.

"कशी वाटली?" भाचीने विचारले.

"माझी एक हरकत आहे."

"कशावर?"

"हरकत घ्यायला काही ठेवलंच नाही, त्यावर."

"मामा, हे जरा अतीच झालं हं."

"अगं, वळण आलं, वळलो. पाणी आलं, गेलं. ती काय करतेय ते मला कळतच नाही! मी आत बसलोय की कुणी पार्सल ठेवलंय? आणि ती गुरगुर? इंजिनाची नाही, स्पीकरमधली! चक्क रेकॉर्ड लावलीय."

"ती गुरगुर विक्रीवाल्यांची. त्यावर मीसुद्धा भांडलेय. पण बाकीचं... ते कळू नये म्हणूनच तर मरमर मेले मी."

"मग नाव कशाला हवं? नाव स्वभावाला देतात. हिला स्वभाव कुठाय?"

"एक नाव ठेव म्हटलं, तर नावं ठेवत बसलास. धन्य आहेस!"

इथवर ते मामा-भाचीचे भांडण होते आणि घरच्या घरी मिटले असते. पण त्याच आठवड्यात मासिकाचा प्रतिनिधी आला. त्याने हरकतरावांना "आपल्यासारखे जाणकार आता राहिले कुठे?" असे विचारले. ज्याच्या हरकतींना जन्मभर लोक हसत आले, त्याला कोणी जाणकार म्हटले की जिभेला हाड राहत नाही. वाक्य निसटले. नऊ एप्रिलला ते चौकटीत बसले.

दुसऱ्या सकाळी भाची शेडमध्ये आली, खुर्चीवर बॅग ठेवली आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या कालच्या नोंदी मिळाल्या. धन्यवाद."

साहेब! हरकतरावांनी आधी मागे वळून पाहिले, कोणी साहेब आला आहे की काय म्हणून. मागे फक्त चहाचे यंत्र होते. त्या दिवसापासून 'साहेब' आणि 'तुम्ही' यांखेरीज तिच्या तोंडून त्यांच्यासाठी दुसरे काही आले नाही. बोलणे नेमके, आवाज मऊ, वागण्यात खोट काढायला तसूभर जागा नाही. ताईकडे जेवायला जावे, तर भाचीला नेमके तेव्हाच बाहेर काम असे.

"काय बोललास रे तिला?" ताईने विचारले.

"तिला नाही बोललो. गाडीला बोललो."

"तेच ते," ताई म्हणाली आणि पोळी वाढायचीही विसरली.

शेडच्या भिंतीवर नव्या गाडीची जागा कोरीच राहिली. "साहेब, 'पार्सल' लिहून टाकू का?" रंगाचा ब्रश नाचवत मिस्त्रीने विचारले, आणि चारचौघे फिदीफिदी हसले. विनोद आपलाच, पण हरकतरावांनी चटकन भाचीकडे पाहिले. ती खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

"नावाची फेरी झाल्याशिवाय काही लिहायचं नाही," ते ओरडले. मग खालच्या आवाजात तिला म्हणाले, "घरचं माणूस लागतं. बसतेस?"

"मी गाडीकडची आहे, साहेब. बाबांना न्या."

अपघातानंतर भावोजींनी त्या मार्गावर पाऊल टाकले नव्हते. पण लेकीने विचारताच ते इस्त्रीचा सदरा घालून हजर झाले. भिंतीवरच्या राणीसाहेबांना त्यांनी काठी उंचावून सलामी दिली आणि नव्या गाडीत अवघडून बसले. ताई जाळीच्या पलीकडे उभी राहिली. पदराचे टोक मुठीत.

"एकच विनंती," भाची खिडकीशी वाकून म्हणाली. "बाबा बसलेत. यंत्रणा बंद करू नका."

नावाच्या फेरीत ती बंद करण्याची हरकतरावांची सवय. त्या दिवशी त्यांनी बटणाला हात लावला नाही, पण चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट ठेवली.

गाडी निघाली. भावोजी खुशीत होते. "बघू तुझ्या हाताला गंज चढलाय का," म्हणाले. सरळ रस्ता संपला, ओलं वळण आले, आणि शेजारी बसलेल्या गुरूच्या नजरेखाली हरकतरावांचे हात पार जुन्या सवयीवर गेले. त्यांना राणीसाहेब आठवली. गाडीचा मागचा भाग फेकला जाणार असे धरून त्यांनी तो घसरण्याआधीच स्टिअरिंग उलटे फिरवले. पण ही गाडी घसरलीच नव्हती. नसलेला दोष सावरायला गेलेल्या त्या हातांचे तिने मुकाट्याने ऐकले आणि सांगितले तशी ती बाहेरच्या कठड्याकडे निघाली. घाबरून हरकतरावांनी स्टिअरिंग आत ओढले, तेही नको तितके; आणि आता मात्र मागचा भाग खरोखरच सुटला. असली चूक नवशिक्या करूच शकत नाही. त्यासाठी अनेक वर्षे जुन्या गाड्या सावराव्या लागतात.

कठडा भावोजींच्या खिडकीत मोठा होत गेला. तेवढ्यात इंजिनाचा जोर आपोआप ओसरला, पुढच्या बाहेरच्या चाकाला कोणीतरी अलगद धरल्यासारखे झाले, आणि गाडी वळणाच्या रेषेत येऊन पुढे चालू लागली. धक्का नाही, किंकाळी नाही. ज्याने धरले होते त्याने लगेच सोडलेही. स्टिअरिंग पुन्हा हरकतरावांच्या हाती होते, जणू सारे त्यांनीच केले.

भावोजींचे डोळे मिटलेले होते. डाव्या हाताने उजवे कोपर चाचपत, जिन्यावर पुटपुटत तसेच ते पुटपुटले, "पडलो नाही गं, पडलो नाही."

मग त्यांनी डोळे उघडले, मागच्या आसनाकडे पाहिले आणि ओशाळून हसले. "सवय रे," म्हणाले.

उरलेली फेरी हरकतरावांनी शाळेत जाणाऱ्या मुलासारखी सरळ पुरी केली. शेडसमोर गाडी थांबवली, किल्ली काढली, आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग पुन्हा घट्ट धरून ठेवले. भाची धावत आली होती. गाडीच्या हालचाली दाखवणाऱ्या शेडमधल्या पडद्यावर तिने सारे पाहिले होते. चेहरा कागदासारखा पांढरा होता.

"साहेब, नाव?" मिस्त्रीने ब्रश बुडवत विचारले. "पार्सलच ना?"

"ताई," हरकतराव म्हणाले.

"काय?"

"ताई लिही. मोठ्या अक्षरात. राणीसाहेबांच्या बरोबरीनं."

भाचीने वडिलांकडे पाहिले, जाळीपलीकडच्या आईकडे पाहिले. "आईचा हात कधी लागतो का बाबांना?" ती हळूच म्हणाली. "लागलेला कळतो का कुणाला? मला गाडी तशी हवी होती. कुणाला सांगणार? हसले असते सगळे." आणि नाक पुसत, "मामा, सोड ते स्टिअरिंग! उतर आधी. मी धरते."

"नको. नुसती जवळ उभी राहा," हरकतराव म्हणाले, आणि उतरले.

ताईपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही. जेवताना ती कडाडली, "माझं नाव गाडीला? विचारायची पद्धत नाही? माझी हरकत आहे!" त्या घरात ते वाक्य प्रथमच दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघाले होते. भावोजींची हसून हसून पुरेवाट झाली. हरकतरावांनी मात्र बहिणीचे दोन्ही हात धरले. "ताई, तुझ्यामुळे," ते म्हणाले. "जेव मुकाट्यानं," ती म्हणाली आणि एकदम दोन पोळ्या वाढल्या.

राणीसाहेबांचे नाव भिंतीवर तसेच आहे आणि तसेच राहावे. तिला स्वभाव होता, आणि तो साऱ्यांना दिसे, कारण तो दुसऱ्याच्या अंगावर येई. जो स्वभाव अंगावर येत नाही, तो नाहीच असे ठरवून मोकळे होणारे लोक आपल्या घरातल्या माणसांनाही बहुधा तोच न्याय लावत असतील. हरकतरावांना स्पीकरमधली गुरगुर अद्याप मान्य नाही आणि तिच्याविरुद्धचा त्यांचा झगडा चालू आहे. परंतु ओल्या वळणावर त्यांची चूक जिने ऐकून घेतली, सावरून घेतली आणि बोलून दाखवली नाही, त्या गाडीला आत्मा नाही, हे वाक्य त्यांच्या नावावर राहता कामा नये. मासिकाने ते मागे घेण्याचे नाकारले आहे.

तेव्हा मागणी एवढीच : ज्या वाचकांच्या घरी नऊ एप्रिलचा तो अंक असेल, त्यांनी पान सेहेचाळीस उघडावे आणि चौकटीतले वाक्य शाईने खोडावे.