ज्येष्ठेचं नाक आणि देवासचे व्याही

देवाने जगात नुसती म्हणून एकही वस्तू निर्माण केलेली नाही, असं माझ्या व्याह्यांचं ठाम मत आहे, आणि ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी आयुष्यभर स्वतःची जीभ आणि दुसऱ्यांचे कान झिजवले आहेत. रसवाला ऊस चरकातून चार वेळा काढतो, तसे ते प्रत्येक वस्तूतून बोध काढतात आणि चोथा हातात आला तरी सोडत नाहीत. कुकरची शिट्टी, हरभऱ्यातली अळी, मोबाइलची उतरलेली बॅटरी, या सगळ्यांना त्यांनी एकदा तरी प्रभूच्या कामाला जुंपलं आहे. मी धारच्या मराठी घरातला. संस्थानच्या काळात इकडे आलेल्या कारकुनांची आमची चौथी पिढी. लहानपणापासून कीर्तनं ऐकली, त्यामुळे डोळे उघडे ठेवून झोप कशी घ्यायची हे मला शाळेत जाण्याआधीच येत होतं. पण कीर्तनकार देवळात भेटतो आणि आरती झाली की सोडतो. व्याही कुठेही भेटतात, आणि त्यांची आरती होत नाही.

ते देवासला एका कारखान्यात फिटर होते. आजोबा नगरकडून आलेले, घराणं मराठी ख्रिस्ती. त्यांची मुलगी आणि माझा मुलगा इंदूरला एका ऑफिसात कामाला होते. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आमच्या हिने दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी ती मुलगी घरी आली, हिच्या हातचं आंबट वरण तीनदा मागून घेतलं आणि प्रश्न मिटला. माझा प्रश्न मात्र त्या दिवशी सुरू झाला, कारण मुलीबरोबर वडील आले होते.

पहिला बोध चौकातल्या पोह्यांच्या गाडीवर. आमच्याकडे पोहे खालच्या पातेल्यातल्या वाफेवर गरम राहतात. मी शेव आणि जिरावण मसाला घालून पहिला घास घेणार, तेवढ्यात व्याह्यांनी माझा हात धरला. "बघा व्याही, हेच पोहे त्या उकळत्या पाण्यात टाकले तर लगदा होईल. वाफेवर ठेवले की फुलतात. देव संकट देतो ना, ते पाणी नसतं, वाफ असते." मी मान डोलावली. त्यांना वाटलं मला पटलं, म्हणून त्यांनी पातेल्याकडून बायबलातल्या सोशिक ईयोबाकडे मोर्चा वळवला. शेवटी गाडीवाल्यालाच दया आली. "अंकल, भगवान कहीं नी जा रिया, पोहे ठंडे हो रिये हैं!"

लग्नाच्या जेवणाच्या वेळी त्यांची एक चप्पल हरवली. मुलीचा बाप, दारात दोनशे माणसं, जिलेबी कढईत, आणि हा गृहस्थ एका पायात चप्पल घालून मांडवाच्या मागे चिखल तुडवतोय. मी म्हटलं, "अहो व्याही, दुसरी आणू ना, चला." तर म्हणाले, "नव्याण्णव मेंढरं सोडून मेंढपाळ त्या एकासाठी जातो." मी म्हटलं, "पण तुमच्याकडे दोनच होत्या!" याचा त्यांच्यावर काहीही परिणाम झाला नाही. चप्पल सापडली, कुत्र्याने अर्धी खाल्लेली. ती हातात धरून त्यांनी पंगतीला जे पाच मिनिटं सांगितलं त्यात मेंढरू, कुत्रं, वधू आणि वर या सगळ्यांचा उल्लेख होता, फक्त 'बसा जेवायला' हे राहून गेलं. त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब पुढच्याच खुर्चीत होते. मला हळूच म्हणाले, "आमच्याकडे मी यांना माइक देत नाही."

देवासच्या टेकडीवर देवीचं देऊळ आहे, तिथे आता रोपवे झालाय. यांनी त्यातूनही सुवार्ता काढली. पायऱ्या चढून घाम गाळणारा आणि पाळण्यात बसून आलेला दोघे शेवटी एकाच दारात उभे राहतात. बायबलातल्या द्राक्षमळ्यात सकाळी आलेल्या आणि संध्याकाळी आलेल्या मजुरांनाही मजुरी सारखीच मिळते. आमची ही तेव्हा पायऱ्या चढून गुडघे धरून बसली होती. तिला हा दाखला मुळीच आवडला नाही.

एकदा धारच्या रस्त्यावर माझ्या स्कूटरचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने ट्यूब टबात बुडवली आणि व्याह्यांचे डोळे चमकले. "बघा, बघा! हवेत धरली तर भोक दिसत नाही. पाण्यात बुडवली की बुडबुडे. म्हणून बाप्तिस्मा पाण्यात. आपल्याला वाटतं आपण धड आहोत." पंक्चरवाला मान वर न करता म्हणाला, "बाबूजी, पाप का तो मालूम नी, पन इसमें तीन छेद हे." व्याही इतके खूश झाले की त्यांनी त्याला मिठी मारली.

आणि एकदा ऐन वैशाखात आमच्या घरचा फ्यूज उडाला. व्याही स्टुलावर चढले, चिनी मातीचा तो जुना फ्यूज काढला आणि जळलेली तार बोटांत धरून तिथेच उभे राहिले. "बघा व्याही, केवढीशी तार. दोष वायरिंगचा, पण जळते ही. ही जळते म्हणून घर वाचतं." ही पदराने वारा घेत खालून म्हणाली, "व्याही, आधी पंखा फिरवा, मग तारणाचं बघू." मी पोट धरून हसलो. ते हसणं मला पुढे महागात पडलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कारण हे सगळं मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. गंधवानी आणि डही इथल्या तहसिलींत मी तीस वर्षं लोकांचे जबाब लिहून घेतले. माणूस खोटं बोलत नाही, नुसता गप्प बसतो, तेव्हा कागदावर एक मोकळी ओळ सुटते, ती मला लगेच दिसायची. आता माझ्या स्वतःच्या जबाबातली मोकळी ओळ भरतो.

आमच्याकडे भाद्रपदात तीन दिवस महालक्ष्म्या येतात. पुण्याकडचे लोक त्यांना गौरी म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे शाडूचे रंगवलेले मुखवटे पणजीपासूनचे, वर्षभर गव्हाच्या डब्यात असतात. ते बसवण्याचा मान घरच्या मोठ्या सुनेचा. सहा वर्षांपूर्वी सूनबाईने साड्या इतक्या सुरेख नेसवल्या होत्या की हिने सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढच्या वर्षी मुखवटे तूच बसव गं." सून आत जाऊन डोळे पुसून आली. व्याही दरवर्षी दुसऱ्या दिवशी जेवायला यायचे. पाच पुरणपोळ्या, वर कटाची आमटी, आणि पाचच्या बसने परत.

त्याच वर्षीचा दुसरा दिवस. नैवेद्याची वेळ. दोघी स्वयंपाकघरात, मुलगा केळीची पानं आणायला गेलेला, व्याही अंगणात हात धूत होते. पुण्याच्या बहिणीला फोटो पाठवायचा म्हणून मी नवा मोबाइल घेऊन समोर उभा राहिलो. ज्येष्ठेची नथ जरा तिरकी वाटली. अंगावर सोवळं नव्हतं, डोळ्यांवर चष्मा नव्हता, अकलेचा तर प्रश्नच नव्हता; मी नथ सरळ करायला गेलो. मुखवटा कलला, चौरंगाच्या कडेवर आपटला. तो मी झेलून परत ठेवला खरा, पण नाकाचं टोक तुटलं होतं आणि घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेलं होतं. उंबऱ्यात व्याही नॅपकिनला हात पुसत उभे होते. ते वाकले, त्यांनी ते उचललं, आणि त्याच क्षणी ही नैवेद्याचं ताट घेऊन आली.

हिला दिसलं ते असं: लक्ष्मीला नाक नाही, आणि नाक ख्रिस्ती व्याह्यांच्या तळहातावर.

"अगं बाई! काय केलंत हे, व्याही?"

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलकडे पाहिलं. मोबाइलवर काहीही नव्हतं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "माफ करा."

एवढंच. 'मी तोडलं' असं ते म्हणाले नाहीत, कारण त्यांना खोटं बोलता येत नाही. हे जबाब लिहून घेणाऱ्या माणसाच्या लगेच लक्षात आलं आणि त्याने तोंड उघडलं नाही. त्या दिवशी ते तीनच पोळ्या जेवले.

ही भांडली नाही. ती भांडणारी नाहीच. पुढच्या वर्षी फक्त म्हणाली, "व्याह्यांना महालक्ष्म्या उठल्यावर बोलावू." आणि सून मुखवट्याकडे वळली तेव्हा, "राहू दे, मीच बसवते." तेव्हापासून मानेपर्यंत सून आणि मानेच्या वर ही, अशी वाटणी झाली. सून दरवर्षी साडीची शेवटची निरी लावायची आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहायची. हिने ही गोष्ट फक्त दोन शेजारणींना सांगितली होती, त्यामुळे ती पलीकडच्या तिरला गावापर्यंत पोचली. नाक मी नळाच्या गळतीला लावतात त्या लेपाने चिकटवलं. ते जरा माझ्या वळणावर गेलं. ही म्हणाली, "कुणासारखी दिसते हो ही?" मी म्हटलं, "इकडची हवा मानवली असेल."

दरवर्षी मी पोळ्यांचा डबा स्वतः नेऊन देवासच्या बसमध्ये ठेवायचो; हे माझं प्रायश्चित्त. डबा घासूनपुसून परत यायचा, आत चिठ्ठी. पोळीवर बोध, पुरणावर बोध, एकदा तर डबा दोन थांबे पुढे घेऊन गेलेल्या कंडक्टरवरसुद्धा. पहिली दोन वर्षं त्यांचा फोन आला की मला घाम फुटायचा. आता म्हणतील, 'नाकावरून आठवलं, व्याही'. पण नाही. ज्या माणसाने हरभऱ्यातली अळी सोडली नाही, त्याने ज्येष्ठेचं नाक सोडून दिलं.

गेल्या श्रावणात त्यांच्या छातीत कळ आली. इंदूरला दवाखान्यात भेटायला गेलो तर सलाइनच्या बाटलीकडे बोट करून हळूच म्हणाले, "थेंब थेंबच देतात, व्याही. सगळी कृपा एकदम दिली तर शीर फुटेल." आवाज अगदी बारीक झाला होता. मला काय झालं कोण जाणे, मी त्यांचा सुई नसलेला हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. नथ, चौरंग, चष्मा, सगळं.

"मला माहीत आहे की," ते म्हणाले. "मी दारातच होतो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला पाचच्या बसने जायचं होतं. तुम्हाला त्याच घरात राहायचं होतं."

मला हसू आलं आणि लगेच ते गिळावं लागलं. थोड्या वेळाने मी विचारलं, "व्याही, यातून बोध काय?"

"ते तसंच ठेवलंय मी," ते म्हणाले, आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण मिटल्या डोळ्यांनीच पुढे बोलले, "विहीणबाईंना मात्र सांगा. माझ्यासाठी नको. पोरगी पाच वर्षं मानेशी थांबते."

मी धारला परतलो आणि तीन आठवडे हिला सांगितलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांना "खरं ते बोला" म्हणणाऱ्या माणसाला रोज काही ना काही काम निघत होतं. शेवटी महालक्ष्म्यांना चार दिवस उरले, ही गव्हाचा डबा उघडून मुखवटे बाहेर काढत होती, आणि त्या नाकाने माझ्याकडे माझ्याच नाकासारखं पाहिलं. मी बोललो. हिने मुखवटा मांडीवर ठेवला. बराच वेळ त्याच्यावरचे गहू बोटाने झाडत राहिली, एक दाणाही उरला नव्हता तरी.

मग म्हणाली, "आणि तुम्ही त्या फ्यूजला हसला होतात."

त्यानंतर दोन दिवस मला फक्त लागेल तेवढंच वाढलं गेलं. तिसऱ्या दिवशी हिने स्वतः देवासला फोन लावला. काय बोलली ते दार लावून बोलली.

यंदा मुखवटे सूनबाईने बसवले. ज्येष्ठेचा मुखवटा उचलताना हिने मागून तिच्या कोपरांना आधार दिला. व्याही सकाळच्या बसने आले, हातात काठी. पाटावर बसता येत नाही म्हणून खुर्ची दिली, नेमकी ज्येष्ठेसमोर. ते त्या नाकाकडे बघत राहिले, मग त्यांनी तो श्वास घेतला, जो मी गेली कित्येक वर्षं ओळखतो. हिचा वाढता हात थांबला. सून दारात थबकली. मी घास खाली ठेवला. म्हटलं, होऊ दे, पाऊण तास ऐकेन.

"विहीणबाई," ते म्हणाले, "आमटी जरा वाढा."

पाच पोळ्या खाणारा माणूस दीडवर थांबला. ज्यांनी ज्यांनी ती जुनी गोष्ट ऐकली असेल, धारला, देवासला, तिरल्याला, त्यांनी कृपा करून दुरुस्त करून घ्यावी: नाक मी तोडलं.

संध्याकाळी त्यांना बसपर्यंत पोचवायला गेलो. वाटभर त्यांना धाप लागत होती. कोपऱ्यावर एक पंक्चरवाला ट्यूब टबात बुडवत होता. मी मुद्दाम हळू झालो. त्यांचं लक्ष नव्हतं.

"व्याही," मी म्हटलं, "बुडबुडे."

ते थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून पाण्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघून हसले. "चला," म्हणाले, "बस चुकेल."

आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, ती पाचची बस चुकावी.