चव्वेचाळीस वेढे जास्त

मी मोजमापाचा माणूस. मीटरचा काटा हलला तर काहीतरी आहे, नाहीतर नाही, इतका सरळ हिशेब. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी मीच फिदीफिदी हसायचो. तरीही हे लिहितोय...

एकोणीसशे पन्नासनंतरची दोन-चार वर्षं. ठाण्यात आमचा ट्रान्सफॉर्मरचा छोटा कारखाना, डिझाइन माझं. कल्याणच्या एका डॉक्टरांना व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र हवं होतं. संध्याकाळी तिकडचं व्होल्टेज इतकं पडे, की ऑपरेशनचा दिवा ऐनवेळी मिणमिणायचा. यंत्रातल्या मुख्य कॉइलला मी ३९६ वेढे लिहून दिले आणि तापाने फणफणून डोंबिवलीला घरी पडलो.

तार गुंडाळायचे कळव्याचे तात्या. ते वेढे मोजत असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा माझाच दंडक. शंभर झाले की दोऱ्याला एक गाठ, मगच पाण्याचा घोट.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. चहा घेताना एकदम लक्षात आलं. कॉइलच्या गाभ्यातल्या लोखंडी पत्र्यांची थप्पी मी मोजली होती, पण प्रत्येक पत्र्यावर चिकटवलेल्या कागदाची जाडी वजा करायलाच विसरलो होतो! म्हणजे खरं लोखंड कमी, त्याची भरपाई वेढ्यांनी — वेढे हवेत ४४०. नाहीतर कॉइल जळणार, तेही पेशंट टेबलावर असताना. आणि यंत्र आजच कल्याणला जाणार होतं.

"अहो, अंगात त्राण नाही, कुठे निघालात?" ही ओरडत राहिली. मी तसाच ठाण्याला पोचलो.

कॉइल तयार होतं. दोऱ्याला चार गाठी, पाटीवर वरचे चाळीस लिहिलेले.

"तात्या, चारशे चाळीस? कुणी सांगितलं?"

"तुमीच की साहेब! काल दुपारी दारातून बोललात, 'तात्या, चव्वेचाळीस अजून घाला.' मोजताना बोललात म्हणून राग पण आला. मागं बगितलं नाय, पण आवाज तुमचाच."

काल दुपारी मी डोंबिवलीत अंथरुणावर होतो. ही कपाळावरच्या मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत होती.

तात्यांना खरं सांगितलं. त्यांनी कॉइललाच हात जोडले. मीही जोडले... हो, मी!

यंत्राबरोबर मीही कल्याणला गेलो. संध्याकाळी तिथे सगळ्या घरांतले दिवे मंदावले. ऑपरेशनचा दिवा तेवढा जराही हलला नाही. त्याच्याखाली डॉक्टरांनी एक बाळंतीण आणि तिचं बाळ, दोघांना वाचवलं. बाहेर बाकावर बसून मी बाळाचं रडणं ऐकलं आणि माझेही डोळे भरून आले.

आवाज माझा असेल, मानलं. पण तोवर मलाच ठाऊक नसलेला आकडा त्या आवाजाला कुणी सांगितला?