जुनी आवृत्ती मागणाऱ्या बाई

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात तीन दिवस मशीन बंद होतं. नव्या कॉम्प्युटरवर मी सगळ्यात नवा कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारं सॉफ्टवेअर, टाकला होता आणि मशीनचा जुना प्रोग्राम त्यावर चालेना. मग पडेगावहून असले प्रोग्राम दुरुस्त करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी आधी जुना कॉम्प्युटर मागितला आणि एकेका सेटिंगवर बोट ठेवत सगळं वहीत उतरवलं. मग कंपायलरची बारा वर्षांपूर्वीची आवृत्ती टाकली.

“मॅडम, नवी का नाही?” मी विचारलं.

“नवी लई हुशार हाय, भाऊ. पण ज्यानं हा प्रोग्राम लिहिला त्याच्याकडं तवा हीच होती. त्याचं म्हणणं हिलाच कळतं.”

मशीन सुरू झालं. सगळे तिकडं धावले, मी बाईंकडंच बघत राहिलो. कधीही न भेटलेल्या माणसाचं इतकं मनापासून ऐकणारं कोणी मी पाहिलं नव्हतं.