ऐकला तरी चालतो

काशीदच्या वरच्या जंगलात मी पाहुण्यांना पक्षी दाखवतो. हे काम मला ज्याने शिकवलं तो म्हातारा डोंगरामागच्या गावातला, भातशेती करणारा. मी त्याला काका म्हणायचो. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, तरी जंगलात शिरलो की माझी चाल आपोआप मंदावते, कारण मागून तो येत असतो. मग आठवतं की कोणी येत नाहीये, आणि स्वतःचाच राग येतो.

गेल्या थंडीत एक परदेशी बाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पक्ष्यांचे आवाज टिपण्यात सगळं आयुष्य गेलेलं. गुडघे कुरकुरत होते, त्यामुळे हा शेवटचा मोठा प्रवास असं त्यांनी आधीच कळवलं होतं. त्यांना एकच पक्षी हवा होता. इंग्रजी पुस्तकात त्याला ट्रोगन म्हणतात. लालभडक पोट, छातीवर पांढरी रेघ, आणि बसतो असा की समोर असून दिसत नाही. काकाचा नियम होता की निघताना त्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो दडून बसतो. आम्ही त्याला नुसतं 'लाल पोटाचा' म्हणायचो.

'तो अजून आहे का तुमच्याकडे?' असं बाईंनी लिहून विचारलं होतं. मी छातीठोकपणे 'आहे' म्हणून कळवलं. खरं सांगायचं तर नऊ वर्षांत मी तो डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण चार वर्षांपूर्वी कानांनी ऐकला होता, आणि ती हाक माझ्या फोनमध्ये होती. माझा सगळा भरवसा त्या हाकेवर. तो गेला असता तर मी बाईंना उगाच सात समुद्र ओलांडायला लावलं, आणि आमचं जंगल रिकामं, असा अर्थ झाला असता. त्या विचाराकडे मी फिरकतच नव्हतो.

उजाडताच आम्ही शिरलो. तांबट बोलला, कोतवाल बोलला, सर्पगरुड डोक्यावर शीळ घालत फिरला. बाई सभ्यपणे मान हलवायच्या आणि पुढे बघायच्या. ऐनाची वाळकी पानं पायाखाली चुरत होती. दोनदा मला वाटलं, पावलं तीन माणसांची वाजताहेत. दोनदा मी मागे वळलो. बाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, वानर असेल.

दहा वाजेपर्यंत ओढ्याकाठच्या मोठ्या खडकाशी आलो. पाणी डबक्याडबक्यांतून उरलेलं. मी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. बाईंनी आवडीने खाल्ली, पण चेहरा उतरला होता. मला राहवलं नाही. जंगलात रेकॉर्डिंग वाजवू नये हे मीच सगळ्यांना सांगतो, आपल्या घरात चोर शिरला असं समजून पक्षी बिचारा धावून येतो. तरी मी फोन त्यांच्या कानाजवळ धरला. म्हटलं, हे बघा, इथेच, याच खडकावर बसून टिपलंय.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना हाताने थांब म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांकडे बघतात.

"फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण हा पक्षी नाही. हा माणूस आहे. दोन हाकांच्या मध्ये तो श्वास घेतो. आणि अगदी शेवटी, ऐका, तो खोकला दाबतोय."

मी ऐकलं. ते बारीक खरखरणं मी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी पानांचं समजलो होतो. आता दुसरं काही ऐकूच येईना. काकाचा खोकला मी कुठेही ओळखला असता.

आता कबूल करायला हरकत नाही. आमच्या धंद्यात पक्षी दिसला नाही तरी नुसता ऐकला की पाहुण्याच्या पक्ष्यांच्या यादीत चालतो. म्हणून एखादा पाहुणा फारच तोंड पाडून निघाला, की काका "मी जाऊन येतो" म्हणून झाडीत जायचा आणि ओढ्यापलीकडून त्या पक्ष्यासारखी शीळ घालायचा. पाहुणा खूश. पुढे आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. हे कपट मला पुरतं ठाऊक होतं, मी त्यात सामील होतो. ते माझ्यावरही चालेल, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

ती हाक टिपली त्या दिवशी पाहुणा कोणी नव्हता, आम्ही दोघेच होतो. मी वैतागून म्हणालो होतो, "संपला तो, काका. मी उद्यापासून येत नाही. आगरदांड्याला जेटीवर तिकिटं फाडीन."

"बस जरा," तो म्हणाला. "मी जाऊन येतो."

थोड्या वेळाने पलीकडून हाक आली. मी घाईघाईने फोन धरला, आणि रडलो, हेही सांगून टाकतो. परत येऊन तो म्हणाला, "ऐकलास? हाय ना? मंग. न्हाय म्हनतो."

त्यानंतर दोन वर्षं, तो असेपर्यंत, ते रेकॉर्डिंग मी त्यालाच ऐकवत होतो. तो मान डोलावून म्हणायचा, "ब्येस बोललाय." आणि तो गेल्यावर दोन वर्षं मी त्याचा श्वास खिशात घेऊन हिंडत होतो, पक्ष्याचा समजून. लाल पोटाचा संपला हे त्याला माझ्या आधी कळलं होतं. मला कळू नये म्हणून तो ओढा ओलांडून गेला होता.

बाईंना सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, काही न लपवता. म्हटलं, मी तुम्हाला फसवलं, माहीत नसताना का होईना. मग म्हणालो, "जरा पलीकडे जाऊन येतो."

पलीकडे एक जुनं जांभळाचं झाड आहे, मागे काकाची उभं राहायची ऐसपैस जागा. इतक्या वर्षांत मी तिथे कधी गेलोच नव्हतो, कारण मी कायम ऐकणाऱ्याच्या बाजूला. बुंध्याआडून पाहिलं. तिथून खडक अगदी स्वच्छ दिसतो. खडकावर बसलेल्या माणसाचा चेहरासुद्धा. म्हणजे त्या दिवशी माझं रडणं त्याने बघितलं होतं. त्यानंतर खरं सांगायची त्याची छाती झाली नसणार.

मला शीळ कधी जमली नाही. "तुझ्या शिळंला कावला पन यायचा न्हाय," असं तो म्हणायचा. तरी मी ओठांचा चंबू केला आणि घातली. अर्ध्यात श्वास तुटला, पुन्हा घेतला, पुन्हा घातली.

खडकावर बाई एकट्या बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. तरी त्यांनी मान वर केली, दुर्बीण उचलली आणि माझ्या डोक्यावरच्या जांभळाच्या फांद्यांत पक्षी शोधू लागल्या.