अप्पांची मान

मी मंठाळ सोडलं त्या सकाळी अप्पा, म्हणजे माझे वडील, रस्त्याकडेच्या आमच्या रानात तुरीला पाणी द्यायला पाइप जोडत होते. बसवकल्याणला जाणारी टमटम रानापाशी आली तेव्हा मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि आतूनच ओरडलो, "अप्पा, निघालो बगा!"

ते रस्त्याकडं पाठ करून उभे होते. वळले नाहीत. नुसता एक हात वर केला आणि पुन्हा पाइपाला लावला. ड्रायव्हर आमच्याच गावचा. तो म्हणाला, "तुज्या बापाचा ताठा काय कमी होत न्हाई लेका. पोरगं गाव सोडायलंय, तरी मान वळवंना." मलाही तसंच वाटत होतं.

अप्पांचा ताठा हा गावात बोलायचा विषय होता. रस्त्यानं कुणी रामराम घातला तरी ते मान वळवून बघायचे नाहीत. फारच झालं तर अख्खं अंग फिरवून समोर उभे राहायचे, त्यानं समोरचा अजूनच बिचकायचा. पाठीला बाक आलेला होता, पण तो कष्टाचा बाक म्हणून लोक मानानं बोलायचे. वयाच्या विशीपासून धान्याचे कट्टे, पोती उचलून उचलून हे असं झालं, असं अप्पा स्वतःच सांगायचे. सांगताना आवाजात थोडी ऐट असायची.

अशा माणसाच्या पोटी मी. गुलबर्ग्याला बी.कॉम. करत होतो तेव्हापासून माझी कंबर धरायला लागली. पहाटे कूस बदलायची म्हटलं तरी कळ यायची. उठून तासभर हिंडलो, काहीतरी उचललं-ठेवलं की मोकळं वाटायचं. पुन्हा बसलो, झोपलो की परत तेच. तिथल्या एका डॉक्टरनं पट्टा दिला आणि पडून राहायला सांगितलं. पडून राहिलो तर उठवेना. शिक्षण संपवून घरी आलो आणि माझं दुखणं अप्पांच्या नजरेसमोर आलं.

"काम केलं की दुखत न्हाई, झोपलं की दुखतंय," ते म्हणायचे. "दिग्या, ह्याला दुखणं म्हणत न्हाईत. ह्याला आळस म्हणतेत."

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. काम केलं की खरंच कमी दुखायचं. कधीकधी मलाच शंका यायची की मी सोंग करतोय की काय.

त्या वर्षी सोयाबीनची रास होती. मशीन दारात आलं, गडी आले, आणि मी भिंत धरून उठत होतो. अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "घरातली बाया-माणसं उठली, जनावरं उठली. आमचे साहेब अजून उठायलेत." गडी हसले. माय चुलीपाशी होती, ती नाही हसली. माझा धाकटा भाऊ माणिक तेव्हा शाळेत होता, पण त्यानं माझ्या वाटणीचे कट्टे उचलले. त्याच आठवड्यात मी हैदराबादला जायचं ठरवलं. कॉलेजातला एक मित्र तिथं टाइल्सच्या दुकानात होता, त्यानं बिलिंगचं काम बघून ठेवलं.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी दुकानात एक हमाल मला "अन्ना" म्हणाला. आपल्याकडचाच 'अण्णा', नुसता ण चा न झालेला, आणि तेवढ्यावर मला वाटलं की निभेल. निभलंही. आपली दख्खनी बोली तिथं चालते. तेलुगू कानावर पडून पडून आली. आपलं गाव कर्नाटकात, तरी कानडी मात्र गंजत गेली. आता बसवकल्याणच्या तहसील कचेरीत गेलो की कारकुनाशी बोलताना 'उद्या' म्हणायला मधेच तेलुगू "रेपु" म्हणतो आणि तो माझ्याकडं बघत राहतो. भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या सुवर्णाशी लग्न झालं, हैदराबादेतच मियापूरला दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं घेतला. दिवसभर खुर्ची. कंबर होती तशीच, उलट वाईटच.

लग्नानंतर थोड्या दिवसांनी सुवर्णानं विचारलं, "तुमी रोज सकाळी पलंगाला धरून कामून उठता?"

"सवय हाय," मी म्हटलं.

"मेहकरात माझा आजा बी असा उठत न्हाई," ती म्हणाली, आणि मला ओढून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं हाडाच्या डॉक्टरनं संधिवाताच्या विभागात पाठवलं. मी म्हटलं, संधिवात तर म्हाताऱ्यांचा. तिथं बाकड्यावर बसलेले बरेचसे माझ्याच वयाचे होते.

डॉक्टरीण बाई तेलुगू होत्या, माझ्याशी हिंदीत बोलल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो हा, की झोपून उठल्यावर जास्त दुखतं आणि कामाला लागलं की कमी होतं का? मी बघतच राहिलो. ज्या गोष्टीवरून अप्पांनी मला आळशी ठरवलं, त्याच गोष्टीवरून या बाई मला आजारी ठरवत होत्या. त्यांनी सांगितलं की हा मणक्याचा संधिवात आहे. शरीराची राखण करणारी फौज चुकून आपल्याच सांध्यांवर उठते, तिथं सूज राहते, आणि वेळेवर उपचार झाला नाही तर मणके हळूहळू एकमेकांना जुळून जातात. रक्ततपासणी झाली, कमरेचा एमआरआय झाला. त्यांचं म्हणणं खरं निघालं.

मी आनंदानं घरी फोन केला. आनंदानं, असंच लिहितो, कारण आजाराचं नाव कळल्याचा मला आनंदच झाला होता. मायनं फोन अप्पांच्या कानाला लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. औषध घे." मग म्हणाले, "शेरात गेलं की आजाराला बी नाव मिळतंय." हे टोचून होतं की साधंच, ते मला आजही ठरवता येत नाही.

आधी गोळ्या, मग इंजेक्शन. फ्रिजमध्ये ठेवायचं आणि आपल्या हातानं मांडीत टोचून घ्यायचं. काही महिन्यांत सकाळी मी न धरता उठलो. सुवर्णा चहा गाळता गाळता थांबली आणि बघत राहिली. पण बरा झालो म्हणावं तर बाई म्हणतात, औषध चालू ठेवायचं. आजारी म्हणावं तर दुखत नाही. गावाकडं माय फोनवर विचारायची, "बरा हाईस न्हवं? मग ये की आता घरी." तिला काय सांगावं?

अशात बाईंनी विचारलं की त्यांच्याकडं एक अभ्यास चालू आहे, त्यात रोग्यांच्या सख्ख्या नातेवाइकांना तपासतात. हा आजार काही घराण्यांत जास्त दिसतो, कुणाला होतो आणि कुणाला होत नाही हे समजून घ्यायचं आहे. यायलाच पाहिजे असं नाही, आणि आल्यावर मधेच नको म्हटलं तरी चालेल. मी घरी सांगितलं. अप्पा म्हणाले, "मला काय झालंय तपासायला?" मायनं मात्र मुलाचा संसार बघायचा हट्ट धरला. तिच्यासोबत ते आले.

बाईंनी अप्पांना भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं केलं. म्हणाल्या, आता डोकं भिंतीला लावा. अप्पांनी जोर केला. डोकं भिंतीपासून वीतभर लांबच राहिलं. त्यांनी परत जोर केला, गळ्याच्या शिरा ताणल्या. मला बघवेना.

"इधर देखो चाचा, कंधा मत घुमाओ," बाई बाजूला जाऊन म्हणाल्या.

अप्पांची नुसती बुबुळं फिरली. मान जागची हलली नाही.

"कमर कब से दुखती?"

"मेरेकू कुच नै हुआ. काम करा सो पीठ है ये."

"आँख लाल होके कभी बहुत दुखी?"

"नै."

"व्हय की," माय पुढं झाली. तिला हिंदी बोलता येत नाही, पण समजतं सगळं. "दर दोन-चार वर्षाला डोळा येतंय त्यांचा. फडकं बांधून रानात जातेत. अन् तरणेपणी पहाटे उठून अंगणात चकरा मारायचे. झोप न्हाई, झोप न्हाई म्हणायचे. मला वाटायचं, ह्यांना कामाची लईच घाई हाय."

अप्पांनी अख्खं अंग तिच्याकडं फिरवलं.

एक्सरे आला. बाईंनी आधी विचारलं, चाचा, दाखवू का? ते हो म्हणाले. माझ्या फोटोत मणके सुटे होते, ते मी पाहिलेलं होतं. अप्पांच्या फोटोत मानेपासून कमरेपर्यंत एकच काठी, मधे मधे बांबूसारखी पेरं. बाईंनी सांगितलं की आजार त्यांना तरुणपणीच झाला असणार आणि वर्षानुवर्षं आतल्या आत काम करत राहिला. जुळलेलं आता सुटणार नाही. पडायचं नाही, डोळा लाल झाला तर लगेच यायचं, आणि छातीचे, खांद्यांचे व्यायाम करायचे.

अप्पा मला मराठीत म्हणाले, "इचार तिला, हे कामानं न्हाई झालं?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, कामानं नाही.

"मग म्या इवडं काम केलं ते?"

हे काही मला बाईंना विचारता आलं नाही.

त्या दिवसापासून माझा गोंधळ सुरू झाला तो अजून संपलेला नाही. इतकी वर्षं मी मनात धरून होतो की एक दिवस अप्पांना कळेल, मी आळशी नव्हतो. ते कळलं. पण ते ज्या तऱ्हेनं कळलं, त्यात माझं जिंकणं कुठं राहिलं? फ्लॅटच्या बाल्कनीत ते बसून होते. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. मी जवळ गेलो तर म्हणाले, "म्हंजे मलाबी तसंच व्हायचं. फकस्त मी कुणाला सांगितलं न्हाई." मग म्हणाले, "मला वाटायचं सगळ्यांचंच तसं असतंय."

आणि त्या टमटमीच्या सकाळचं काय? ते वळले नाहीत, की त्यांना वळता आलं नाही? हात वर केला तो निरोप होता की 'जा एकदाचा' म्हणणं होतं? विचारायचं खूपदा मनात आलं. पण त्यांना तरी आठवत असेल का, आणि आठवलं तर कुठलं उत्तर मला हवं आहे, हेच मला कळत नाही. विचारलं नाही.

ते गावी परत गेले. नंतर अभ्यासासाठी माणिकला बोलावलं तर तो आला नाही. "मला न्हाई जाणून घ्यायचं, अण्णा," तो फोनवर म्हणाला. "माझ्याकडं शेत हाय." मी जोर केला नाही, करता येत नाही तो.

मग यंदा तूर वाळत आली असताना एका दुपारी दारावरची बेल वाजली. सुवर्णानं दार उघडलं. बाहेर अप्पा आणि त्यांच्या मागं माणिक. फोन नाही, निरोप नाही. अप्पा चपला काढत म्हणाले, "ह्याला दाखव. महिनाभर बघायलोय, पहाटे अंगणात चकरा मारायलाय. मी विचारलं तर म्हणतो, झोप न्हाई."

माणिक खाली बघत होता.

"अन् तूर?" मी विचारलं.

"तूर कुठं पळायलीय?"

पोराच्या दुखण्यासाठी अप्पा रान सोडून आले. माझ्यासाठी त्यांनी हे केलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि माणिकचा हेवाही वाटला. दोन्ही एकदमच झालं, म्हणून दोन्ही लिहितोय.

माणिकलाही तोच आजार निघाला, पण फार लवकर सापडला. बाई म्हणाल्या, उपचाराला चांगली वेळ आहे, सुरुवातीला काही आठवडे इथंच राहिला तर बरं. निघायच्या दिवशी अप्पा बॅग खांद्याला लावून म्हणाले, "एक पोरगं बोलून बोलून घालवलं. हे तुज्याकडं ठेवून जायलोय."

पाणी आणायचं निमित्त करून मी आत गेलो. परत आलो तेव्हा दाराशी माझीही बॅग होती, सुवर्णानं आधीच भरून ठेवली होती. "दुकानात सुट्टी टाका," ती म्हणाली. "एकटे तूर कशी काढतील ते? माणिकभावजींचं मी बघते." इंजेक्शन तिनं बर्फाच्या डब्यात घालून दिलं.

असा मी मंठाळला आलो. तूर कापली, पेंढ्या रचल्या, रास केली. अप्पा आणि मी. पहिल्या दिवशी हाताला फोड आले. शेजारपाजारचे विचारत होते, "कवा आलास? परत कवा जायलास?" सकाळी आम्ही दोघं अंगणात बाईंनी सांगितलेले व्यायाम करायचो. अप्पा कुरकुरत करायचे, पण करायचे. माय भाकरी थापता थापता हसायची. लाइट गेली की फ्रिजमधल्या इंजेक्शनाची काळजी वाटायची. इथल्या मातीत मला छान झोप लागत होती, आणि तरी मियापूरच्या गल्लीतला इस्त्रीवाला, दुकानातला पंखा, सुवर्णाचा चहा आठवत होता. गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही सुटलो. गेलेल्यांनो, तुम्हाला वाटतं परत जाता येईल. मला या दोन्हीतलं काहीच नीट वाटत नाही.

रास झाली त्या संध्याकाळी माणिकचा फोन आला. आवाज मोकळा होता. "अण्णा, आज मी न धरता उठलो," तो म्हणाला. मग म्हणाला, "घरी कसं हाय?" आणि मी उत्तर द्यायच्या आत, "तू घरी कवा यायलास? वहिनी विचारायली."

एका दमात त्यानं दोन्ही ठिकाणांना घर म्हटलं. त्याच्या ध्यानातही आलं नाही. फोन माझ्या कानालाच होता.

अप्पा तुरीवर ताडपत्री ओढत होते. हात न थांबवता म्हणाले, "काय म्हणायलंय?"

"घरी कसं हाय, इचारायलाय."

"मग सांग की, बरं हाय म्हणून."

"बरं हाय," मी सांगितलं, आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला गेलो.