चौथं भूमिपूजन

जगातली सगळी राज्यं पुरोहितांनी उभी केली, पुरोहितांनीच पाडली, आणि राजेमंडळी मधल्या वेळात नुसती सिंहासनावर बसून होती, असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत आहे. मुकुंदवाडीच्या एका अरुंद गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात राहून हा गृहस्थ गेली चाळीस वर्षं राज्यकारभार चालवतो. आपण मतदान करतो, कर भरतो, रांगेत उभे राहतो. पण खरं सरकार मामांच्या पंचांगात असतं, हे आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं. मामा सांगतात, आणि न विचारता सांगतात. लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला वाकलो तेव्हा, राजाला अभिषेकासाठी पुरोहित लागतो पण पुरोहिताला राजावाचून काही अडत नाही, हा सिद्धांत त्यांनी मला वाकलेल्या अवस्थेतच समजावून दिला होता. आशीर्वाद मिळेपर्यंत माझी कंबर धरली.

मामांच्या घरात प्लास्टिकच्या दोनच खुर्च्या. दोन्ही एकात एक घालून मामा वर बसतात, कारण राजसत्तेनं धर्मसत्तेपेक्षा चार बोटं तरी खाली बसावं असा जुना दंडक आहे म्हणे. मग येणारा माजी नगरसेवक असो की जावई, त्याची सोय सतरंजीवर. निवडणूक जवळ आली की ही सतरंजी झटकायलासुद्धा सवड मिळत नाही. झाडून सगळ्या पक्षांचे इच्छुक अर्ज भरण्याचा मुहूर्त काढायला येतात, आणि मामा कुणाशीही दुजाभाव करत नाहीत. मागच्या खेपेला त्यांनी एकाच वॉर्डातल्या पाच जणांना एकच मुहूर्त दिला. पाचही जण आपापले हलगीवाले घेऊन निवडणूक कचेरीच्या एकाच दारात अडकले, दोघांचे फेटे सुटले आणि एकाचा अर्ज मधोमध फाटला. तो जाब विचारायला आला तेव्हा मामा पंचांगातून मान वर न करता म्हणाले, "मुहूर्त शुभ व्हता. कुणासाठी, ते मी कुठं सांगितलं?" तो माणूस उलट पाया पडून गेला.

या विषयात मामांना धर्मभेद मान्य नाही. युरोपातल्या राजांच्या डोक्यावर मुकुट ठेवायला पाद्री लागत, मशिदीत सुलतानाच्या नावानं शुक्रवारचा खुतबा पढायला मौलवी लागत, हे ते आपल्याच भावकीतल्या पराक्रमासारखं सांगतात. दसऱ्याला वाळूजच्या कारखान्यांतल्या यंत्रांची पूजा त्यांच्याकडे असते, त्यामुळे उपमाही तिकडचीच. "पाद्री, मौलवी, भटजी, सगळा कारखाना एकच हाय जावईबापू, शिफ्ट तेवढी येगळी." यावर, या कारखान्यात तयार काय होतं, असं मी एकदा विचारलं. मामांनी मला त्या दिवशी दुसरा चहा देऊ दिला नाही.

आता या राज्यकर्त्याच्या घरातली खरी परिस्थिती सांगतो. गल्लीला नळ येतो आठवड्या-दीड आठवड्यानं, तोही तासभर, आणि करंगळीएवढ्या धारेनं. जायकवाडीचं धरण इतक्या जवळ, की मामा पैठणला सकाळच्या एसटीनं जाऊन गोदावरीत डुबकी मारून जेवायला घरी येतात. पण तेच पाणी मामींच्या दारात येत नाही. मामींचे गुडघे टँकरपासून घरापर्यंत हंडे वाहून कामातून गेले आहेत. मामांना आंघोळीला रोज अर्धी बादली मिळते. त्या अर्ध्या बादलीत ते सातही पवित्र नद्यांना नावानिशी बोलावतात, आणि मामी आतून सांगतात, जरा दाटीवाटीनं बसा म्हणावं.

नव्या जलवाहिनीचं भूमिपूजन मात्र या गल्लीत तीनदा झालं. तीन निवडणुका, तीन पुढारी, तीन कोनशिला, आणि मंत्र तिन्ही वेळा मामांचे. जलवाहिनी एकदाही आली नाही. कोनशिलांवर मामी गोधड्या वाळत घालतात. पायावर डोकं ठेवणाऱ्या एवढ्या पुढाऱ्यांपैकी एकाला तरी पाण्याचं विचारा, असं मी सुचवलं की मामा दुखावत. धर्मसत्ता मागत नाही, देते, असं त्यांचं म्हणणं. मी याला मनातल्या मनात भित्रेपणा म्हणत असे.

यंदा चौथं भूमिपूजन ठरलं. मुहूर्त अर्थात मामांनी काढला. मांडव पडला, नवी कुदळ आली, यंदाचे पुढारी असलेले साहेब आले, आणि ऐनवेळी मामांनी कलशासाठी पाणी आणायला मला घरात पिटाळलं. मामी दारातच माठाला पाठ लावून बसल्या होत्या. नळ येऊन नऊ दिवस झाले होते. "हे प्यायचं हाय. पूजेचं पाणी नळाला आल्यावर देते, म्हणावं." मी रिकामा कलश घेऊन परत गेलो आणि निरोप जसाच्या तसा मामांच्या कानात सांगितला. साहेबांच्या माणसानं तत्परतेनं सीलबंद बाटली पुढं केली.

मामांनी ती हातात घेतली, झाकणावर बोटं ठेवली. आता मामा झाकण फिरवणार, याची मला खात्री होती. हा प्रसंग पुढं कुणाकुणाला रंगवून सांगायचा, तेही मी ठरवून टाकलं होतं. पण मामांनी बाटली खाली ठेवली. "साहेब, तीन बार पूजा झाली. त्या तिन्हीतल्या कोणत्या बी नळाचं पाणी या कलशात पडू द्या. तवर माझ्याच्यानं मंत्र व्हायचा नाय."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी हात जोडले, गुरुजींचा अधिकारच मोठा असं सगळ्यांना ऐकू जाईलसं म्हणाले, आणि एकाला डोळ्यानं खुणावलं. दहा मिनिटांत मोटारसायकलवरून दुसरे गुरुजी आले. चांगले पन्नाशीचे, घरूनच भरलेला कलश मांडीवर घेऊन. मंत्र झाले, कुदळ पडली, नारळ फुटला, आणि सगळं मामांनी काढलेल्या मुहूर्तावर बिनचूक पार पडलं.

पुढच्या रविवारी गेलो तर सतरंजी गुंडाळलेली होती. मामांनी दोन्ही खुर्च्या सुट्या केल्या आणि एक माझ्याकडे सरकवली. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच खुर्ची मिळाली, आणि खरं सांगतो, त्यात बसवेना. पाद्री-मौलवींचा विषय निघाला नाही. मामा म्हणाले, "राजाला नाय म्हणणारे बी झाले असतील की जावईबापू, लई झाले असतील. पर त्या दिवशी दुसऱ्यानंच मंत्र म्हणले असतील, आन् नाव त्याचंच ऱ्हायलं असंल."

 

मामा आंघोळीला उठले. नळ अजून आलेला नव्हता, पिंप तळाला गेलं होतं. तरी मामींनी उरलंसुरलं पाणी उपसून मोरीत काठोकाठ भरलेली बादली नेऊन ठेवली आणि भाकऱ्या थापायला बसल्या. आतून मामांचा नद्यांना बोलावण्याचा आवाज आला,  पण नेहमीपेक्षा हळू, आणि एकेका नदीपाशी थांबत थांबत.