सतरावा फ्लॅश

"सोलह," थॉमस फोनवर म्हणाला. "मोहिते, एक हफ्ते में सोलह. तुम्हारा बझर सो रहा है क्या?"

सकाळचे सव्वासात वाजले होते. मी शारजातल्या अल नहदाच्या सिग्नलला अडकलो होतो आणि मागच्या सीटवर माझी मुलगी सई शाळेच्या बॅगेवर डोकं ठेवून पेंगत होती. थॉमस हा रास अल खैमातल्या एका टाइल्स कंपनीचा ट्रान्सपोर्ट मॅनेजर. त्याच्या चाळीस डिलिव्हरी व्हॅन आहेत आणि त्या चाळीसच्या चाळीस व्हॅनमध्ये माझ्या हाताने बसवलेला एक डबा आहे. रस्त्याकडेच्या वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याने, म्हणजे रडारने, गाडी पकडली की दंडाचा एसएमएस थेट कंपनीच्या फोनवर येतो. तसे सोळा एसएमएस थॉमसकडे आले होते. त्यातले नऊ एकाच व्हॅनचे होते. व्हॅन नंबर सत्तावीस, ड्रायव्हर इस्माईल मुकादम.

आता त्या डब्याविषयी सांगतो. मी गाड्यांमध्ये जीपीएस ट्रॅकर बसवणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट इंजिनिअर आहे. नवा कस्टमर आला की तो पाच मिनिटांत हळूच विचारतो, "वो रडार पकडनेवाला यंत्र मिलेगा?" रडार डिटेक्टर म्हणतात त्याला. पुढे पोलिसांचा कॅमेरा असला की आधीच ओरडतो. इथे अमिरातीत तो बेकायदा आहे. मी त्यांना त्याचा सज्जन चुलतभाऊ विकतो. आमच्या डब्यात रस्त्यांचा नकाशा असतो, कुठल्या रस्त्याला किती स्पीड लिमिट आहे ते त्यात भरलेलं असतं आणि गाडी त्याच्या वर गेली की केबिनमध्ये बझर वाजतो. पूर्ण कायदेशीर. आणि ड्रायव्हर लोकांच्या मते पूर्ण छळवादी.

पहिल्या महिन्यात त्यांनी बझरवर च्युइंगगम लावलं, इन्सुलेशन टेप लावली, एकाने तर तो पायमोज्यात गुंडाळला. तक्रार एकच होती, हा फार लवकर ओरडतो. त्यात तथ्य होतं. दुबई, शारजा, रास अल खैमा इकडे पाटीवर शंभर लिहिलेलं असलं तरी रडार एकशेवीसपर्यंत काही बोलत नाही. या वीसच्या सुटीला बफर म्हणतात आणि इथला माणूस तो जन्मसिद्ध हक्कासारखा वापरतो. मग मी हुशारी केली. सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या रस्त्यांना पाटी अधिक अठरा असा आकडा टाकला. म्हणजे शंभरच्या रस्त्यावर बझर एकशेअठराला वाजणार. ड्रायव्हर खूश, थॉमस खूश, माझा बॉस भाटिया खूश.

त्या खुशीत मी आणखी एक फीचर जोडलं. डब्यातल्या लिमिटच्या जितकं जवळ पण लिमिटच्या आत चालवाल, तितके जास्त स्टार. पाच स्टार म्हणजे उत्तम ड्रायव्हर, दोन म्हणजे वेळकाढू. हे कोणी मागितलं नव्हतं. प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड कमी पडत होती.

सईला शाळेच्या गेटवर सोडलं. गाडीतच बसून थॉमसला मेल टाइप केला. 'प्राथमिक निष्कर्ष: ड्रायव्हरने डिव्हाइसशी छेडछाड केल्याची शक्यता, विशेषतः व्हॅन सत्तावीस.' डेटा उघडून बघितला नव्हता. डेटा कंपनीचा माणूस आणि डेटा न बघता निष्कर्ष. पण च्युइंगगम माझ्या डोक्यात होतं आणि भाटियाचे तीन मिस्ड कॉल फोनवर होते. सेंड दाबलं आणि मला फार मोकळं वाटलं. ते मोकळेपण साधारण ऑफिसच्या पार्किंगपर्यंत टिकलं.

ऑफिसात सत्तावीसचा डेटा उघडला. स्क्रीनवर स्पीडचा ग्राफ आला आणि मी बघतच राहिलो. माणूस गाडी चालवतो तेव्हा हा ग्राफ डोंगरदऱ्यांसारखा दिसतो. इस्माईलभाईचा ग्राफ पट्टीने ओढल्यासारखा होता. एकशेसतरा, एकशेसतरा, एकशेअठरा, एकशेसतरा. मी भाटियाला बोलावून दाखवला. "सर, इतनी सीधी लाइन कोई इन्सान नहीं चलाता. पक्का कुछ किया है वायर में."

"तो जाके पकड़ ना," भाटिया म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन रास अल खैमाला गेलो. सत्तावीसच्या डॅशबोर्डखाली आडवा शिरलो. वायर जागेवर, सील शाबूत, बझर स्वच्छ. इतका स्वच्छ की कोणीतरी रोज पुसत असावं. बाहेर आलो तर इस्माईलभाई समोर उभे. वय अठ्ठावन्न, दापोलीकडचे, पांढरी दाढी नीट कातरलेली. माझ्या शर्टाला लागलेला ग्रीस बघून त्यांनी खिशातला रुमाल पुढे केला.

"काय सापडलं का, साहेब?"

"नाही अजून."

"सापडलं तर मला पण सांगा. ऑफिसवाले म्हणतात मी काहीतरी केलंय. काय केलंय ते मला कोणी सांगत नाय."

थॉमसच्या केबिनमध्ये गेल्यावर कळलं ते असं. इस्माईलभाईंची व्हिसा रिन्यूअलची फाइल एचआरच्या टेबलावर होती. या वयाच्या ड्रायव्हरला कंपनी पुन्हा दोन वर्षं ठेवते ती रेकॉर्ड स्वच्छ असेल तरच. माझा मेल वाचून एचआरने फाइलवर 'होल्ड' लिहिलं होतं. रविवारी मुदत संपत होती. "तुमने लिखा ना टॅम्परिंग," थॉमस म्हणाला. "खलास. अब मैं क्या बोलूँ?"

बाहेर आलो तेव्हा इस्माईलभाई व्हॅनच्या सावलीत बसून डबा खात होते. त्यांनी झाकणात दोन घावने काढून माझ्यापुढे धरले.

"बायकोनं केलेत. चोवीस वर्षं झाली लग्नाला, पहिल्यांदा इकडं आलीय. आठ महिने झाले. माझ्याच व्हिसावर आहे ती."

म्हणजे एक फाइल बंद झाली तर दोन माणसं परत जाणार होती. घावना मी झाकणात परत ठेवला. मी उठलो, व्हॅनभोवती एक फेरी मारली, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. फोन वाजला की कट करत होतो, नाही वाजला की मीच काढून बघत होतो.

"उद्या तुमची ट्रिप कुठे?" मी विचारलं.

"अबुधाबी. हॉटेलचं काम आहे. दोन आठवडे तिकडंच चाललंय."

"मी येतो बरोबर. टेस्ट करू."

गुरुवारी सकाळी सत्तावीसमध्ये चढलो. मांडीवर लॅपटॉप, हातात करक चहा, कॉलरला कंपनीचं ओळखपत्र. शारजा गेलं, दुबई गेलं, ग्राफ तोच, सरळ. बझरही वेळेवर वाजत होता. इस्माईलभाई एकशेअठराला पोचले की तो कुरकुरायचा, ते पाय उचलायचे, तो गप्प व्हायचा. चोख काम. मला काहीच सापडत नव्हतं आणि मी बूट काढत होतो, घालत होतो.

"साहेब, जरा बसा ना शांत," ते म्हणाले. "सीट हलते."

अबुधाबीच्या हद्दीत शिरलो. मुसफ्फा या कारखान्यांच्या भागाकडे वळलो, तिथे पाटी शंभरची होती. काटा एकशेसतरावर गेला आणि तिथेच थांबला.

"बघा," इस्माईलभाई म्हणाले. "हा गप्प आहे."

"बरोबर आहे, पाटी शंभर, अठराची सूट..." मी म्हणालो आणि माझं मलाच ऐकू आलं.

अबुधाबीत सूट नाही. कधीच काढून टाकलीय. तिथे पाटीवर शंभर म्हणजे शंभर, एकशेएकला दंड. हे इथल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. मलाही आहे. मी स्वतः अबुधाबीला जातो तेव्हा हद्द ओलांडताच पाय उचलतो. फक्त सेटिंग करताना मी शारजातल्या खुर्चीवर बसलो होतो आणि 'सगळे रस्ते' या चौकोनात टिक केली होती.

"इस्माईलभाई, स्पीड कमी करा," मी म्हणालो. "आधी कमी करा."

"किती करू? बझरच्या हिशेबानं की पाटीच्या?"

मी उत्तर द्यायच्या आत डाव्या बाजूच्या करड्या खांबावरून भर उन्हात पांढरा फ्लॅश उडाला. सतरावा.

चहा माझ्या पँटवर सांडला होता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"मला? मी तुम्हाला ट्रेनिंगच्या दिवशी विचारलं होतं. हात वर करून. साहेब, अबुधाबीला पण हेच का?"

मला आठवलं. पहिल्या रांगेतला पांढऱ्या दाढीचा माणूस. मी तेव्हा क्लिकर हातात घेऊन हसून म्हणालो होतो, "चाचा, तुम्ही डोकं नका चालवू, गाडी चालवा. यंत्राला सगळं माहीत असतं." सगळे हसले होते. माझ्या प्रेझेंटेशनमधला तो एकच विनोद जमला होता.

"पण मग चालवत का राहिलात तुम्ही? माहीत असताना?"

इस्माईलभाईंनी गाडी अठ्ठ्याण्णववर आणली. मग शांतपणे सांगितलं. "पहिले चार दिवस मी पाटीनंच चालवली, साहेब. दंड एक पण नाय. पण तुमच्या यंत्रानं दोन स्टार दिले. एचआरच्या पोरीनं बोलावलं, म्हणाली, चाचा, स्लो झालात तुम्ही, वय झालं का? समोर माझी व्हिसाची फाइल होती. मग मी यंत्राचं ऐकायला लागलो. पाच स्टार आले. वाटलं, स्टार रोज दिसतात, दंड नंतर येतात, तोवर फाइल पुढं सरकेल. ही पण माझी चूकच."

पट्टीने ओढल्यासारखा ग्राफ आता मला कळला. तो वायरचा उद्योग नव्हता. एक माणूस उजव्या पायाच्या अंगठ्यावर स्वतःचा आणि बायकोचा व्हिसा तोलत चालला होता.

मुसफ्फाला माल उतरत असताना मी भाटियाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"लिखना मत," तो म्हणाला. "बोल दो, मॅप सिंक का इश्यू था. फिक्स हो गया. चूक, गलती, ये शब्द मेल में नहीं आना चाहिए. कॉन्ट्रॅक्ट जाएगा."

"सर, टॅम्परिंग मैंने ही लिखा है. मॅप सिंक बोला तो वो आदमी साफ नहीं होता. एचआर पूछेगी, सिंक और टॅम्परिंग में से कौन सा?"

"मोहिते, तुझे नौकरी प्यारी है?"

प्यारी होतीच. माझाही व्हिसा याच कंपनीचा, बायको आणि सई माझ्या व्हिसावर. टाइल्सच्या खोक्यांमधून मी तीनदा इकडून तिकडे गेलो. फोर्कलिफ्टवाला हॉर्न वाजवून वैतागला. मग एका खोक्यावर लॅपटॉप ठेवला आणि लिहिलं, 'माझा मंगळवारचा मेल चुकीचा होता. डिव्हाइसशी कोणीही छेडछाड केलेली नाही. अबुधाबीतल्या रस्त्यांचं सेटिंग मी चुकीचं केलं. स्टारची पद्धतही मीच टाकली आणि तिच्यामुळे ड्रायव्हरांना चुकीचा स्पीड बरोबर वाटत होता. सोबत व्हॅन सत्तावीसचा डेटा जोडला आहे. पहिले चार दिवस ड्रायव्हर बरोबर होता आणि यंत्र चूक होतं.' थॉमसला पाठवला, एचआरला कॉपी, भाटियालाही कॉपी. भाटियाला कॉपी ठेवणं हे शौर्य नव्हतं. त्याचं नाव प्रत्येक मेलवर ऑटोमॅटिक यायचं.

परतीच्या वाटेवर मी दर दोन मिनिटांनी फोन उलटा करत होतो, सुलटा करत होतो. दुबई ओलांडताना थॉमसचा मेसेज आला. 'नाउ आय अंडरस्टँड. टेल इस्माईल टू सी एचआर टुमॉरो. यू आल्सो कम.'

मी वाचून दाखवला. इस्माईलभाईंनी मान हलवली, "इन्शाल्ला" म्हणाले आणि आरशात बघून लेन बदलली. एवढंच. मग थोड्या वेळाने त्यांनी गाडी पेट्रोल पंपावर घेतली, घरी फोन लावला आणि बायकोला सांगितलं की बॅग भरायला काढली असेल तर परत कपाटावर टाक.

शुक्रवारी फाइलवरचा होल्ड निघाला. सोळा दंड आमच्या कंपनीने भरले. भाटिया माझ्याशी तीन आठवडे फक्त ईमेलने बोलला, तेही शेजारच्या टेबलावरून. कॉन्ट्रॅक्ट राहिलं, पण थॉमसने अट घातली की यापुढे सेटिंग बदलायचं तर आधी दोन ड्रायव्हरांची सही हवी. स्टार मी स्वतःच्या हाताने काढून टाकले. सतरावा दंड भाटियाने माझ्या पगारातून कापला. तीनशे दिरहम, म्हणजे सात हजार रुपयांच्या पुढे. सईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बट बाबा, यू वर नॉट इव्हन ड्रायव्हिंग." तेच तर म्हणतोय मी.

आता ट्रेनिंगमध्ये मी शेवटची स्लाइड रिकामी ठेवतो आणि ड्रायव्हरांना विचारतो की यात काय चुकलंय ते सांगा. दर वेळी काहीतरी निघतं. ज्या दिवशी काही निघत नाही त्या दिवशी मला झोप लागत नाही.

गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा सत्तावीस उभी होती. इस्माईलभाईंना विचारलं, बझर आता नीट वाजतो ना?

"वाजतो," ते म्हणाले. "अबुधाबीत शंभराच्या आतच ओरडायला लागतो. मी आपला त्याच्या आधी पाटी बघतो."